गर्न्सीचा मुक्काम: दोन रात्री काढा, जुलै टाळा

ऑरिगन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्यांच्या बैलगाड्यांची वाट. आज त्या वाटेने निघालेले बरेच जण फोर्ट लॅरमी हा तिच्यावरचा जुना किल्ला पाहतात आणि पुढे पळतात. माझं ऐका, वायोमिंगमधल्या गर्न्सी स्टेट पार्कात दोन रात्री राहा.

तारखा ठरवताना एकच सांभाळा. जुलैत तिथल्या तलावाचं पाणी मुद्दाम सोडतात. गाळ खालच्या कालव्यांत जाऊन बसला की ते पाझरत नाहीत. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. टपावर कयाक बांधून पोचलो, तर समोर नुसता चिखल!

पोचल्यावर आधी तंबू, मग चहा. आम्ही उलट केलं आणि वाऱ्याने अर्धवट ठोकलेला तंबू झुडपात नेऊन टाकला. मेखा तिरक्या ठोका, वाऱ्याकडच्या आधी.

उन्हं कलली की गावाच्या दक्षिणेला, नदीपलीकडे त्या गाड्यांच्या चाकोऱ्या पाहायला जा. तिरप्या उन्हात सावली पडते, म्हणून खोली कळते. इथला भूभागच असा, की पश्चिमेला निघालेल्या जवळपास प्रत्येक गाडीला हा उंचवटा याच जागी ओलांडावा लागे. चाकांच्या लोखंडी धावांनी आणि जनावरांच्या खुरांनी वालुकाश्म झिजत झिजत काही ठिकाणी पाच फूट खोल गेला. माझी उंची पाच फूट एक इंच. आत उभी राहिले, तर नवऱ्याला लांबून माझी फक्त टोपी दिसत होती. ‘चाकोरीबद्ध’ हा शब्द मी आयुष्यभर टोमण्यासारखा वापरला. खरी चाकोरी इथे पाहिली.

सकाळी रजिस्टर क्लिफ. फोर्ट लॅरमी सोडल्यावर गाड्यांचा पहिला मुक्काम या कड्यापाशी पडे. बैलांचा तो अख्खा दिवस, आपल्याला अर्धा तासही लागत नाही. बूट घाला, पाय बघून टाका. या भागात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात.

कड्यावर प्रवाशांनी कोरलेली नावंच नावं. त्यात ‘ए. एच. अनथँक, १८५०’ शोधा. इंडियानाहून निघालेला एकोणीस वर्षांचा पोरगा. नाव कोरलं आणि काही दिवसांतच पुढे ग्लेनरॉकजवळ कॉलऱ्याने गेला. त्याच नावाखाली त्याच आडनावाची आणखी दोन नावं आहेत: एक १८६९चं, दुसरं १९३१चं. ती बघितल्याशिवाय गाडीत बसू नका.