थंडीत बोटं पांढरी पडतात? मग डोळ्यांकडेही बघा

फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली की माझी दोन बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी, आणि ऊब मिळाली की लालभडक होऊन ठणकतात. याला रेनॉड म्हणतात, फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉड यांनी 1862 मध्ये याचं वर्णन केलं. थंडीने बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात, आणि अशा लोकांपैकी काहींच्या डोळ्याच्या नसेलाही रक्त कमी पडू शकतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, म्हणजे 21 च्या आत असूनही काचबिंदू (डोळ्याची हीच नस हळूहळू खराब होण्याचा आजार) होऊ शकतो आणि दुखत तर काहीच नाही, म्हणून नुसतं प्रेशर बघून घरी येऊ नका, डॉक्टरांना बोटांचं आधी सांगा आणि मागचा पडदा आणि नस तपासायला, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं कितपत दिसतं त्याची तपासणी) करायला सांगा. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे ड्रॉप चालू असतील तर तेही सांगा, त्याने बोटं जास्त गार पडू शकतात. स्वतःहून बंद मात्र करू नका.

बाकी सकाळी गाडीवर ग्लोव्हज, कानटोपी, तोंडावर पूर्ण काच येणारं हेल्मेट. सिगरेट बंद. सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी विचारूनच घ्या, ती पण रक्तवाहिन्या आवळते. सोबत डोळे, तोंड कोरडं आणि सांधे दुखत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा.

आणि एका डोळ्यासमोर अचानक अंधार आला, भले दोन मिनिटांत गेला तरी, तडक हॉस्पिटल गाठा, ‘उद्या बघू’ असं नको.