प्रवाळाच्या सांगाड्यातून समुद्राचं तापमान काढताय? या चुका टाळा

ओहोटीच्या वेळी हाजीअलीच्या खडकांवर मुलांना घेऊन गेलं की कुणीतरी विचारतंच, "सर, यातून मुंबईच्या समुद्राचं जुनं तापमान कळेल?" आपले प्रवाळ छोटे, गाळाच्या पाण्यात तग धरणारे, शंभर वर्षांची नोंद त्यांच्यात मिळत नाही. शिवाय प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय तुकडा उचलू नका. लांब नोंदीसाठी लक्षद्वीपसारख्या ठिकाणचा पोराइट्स या प्रवाळाचा मोठा गोळा लागतो. तो वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्षं मोजताना. अरबी समुद्र वर्षातून दोनदा तापतो. एप्रिल-मेमध्ये भरपूर, मग पावसाळ्यात गार पडतो आणि ऑक्टोबरच्या आसपास पुन्हा थोडा चढतो. ऑक्टोबर हीट आपल्याला काय नवीन आहे? तरीही तापमानाच्या आलेखातलं प्रत्येक शिखर एकेक वर्ष धरलं जातं आणि ६० वर्षांचा गाभा (प्रवाळातून ड्रिलनं काढलेला लांब दंडगोल) १२० वर्षांचा होऊन बसतो. मीही सुरुवातीला असंच मोजलं होतं. म्हणून आधी एक्स-रे काढा, घनतेचे पट्टे मोजा: दाट-विरळ थरांची एक जोडी म्हणजे एक वर्ष. जिवंत प्रवाळाचा वरचा थर म्हणजे गाभा काढला तो दिवस. तिथून खाली या.

एक्स-रेचा दुसरा उपयोग गाभ्यावर ड्रिलनं पूड काढायची रेघ ठरवायला. प्रवाळाच्या नळ्या (एकेका जीवाचा सांगाडा) जिथे सरळ वर वाढल्यात तिथूनच पूड घ्या. तापमान काढतात ते पुडीतल्या स्ट्रॉन्शियम-कॅल्शियमच्या गुणोत्तरावरून आणि त्यात १ अंशाचा फरक म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमोल प्रति मोल, तेही उलट्या दिशेनं: गुणोत्तर वाढलं की पाणी गार. रेघ तिरक्या नळ्यांवरून गेली की समुद्र होता त्यापेक्षा गार दिसू शकतो. मधेच अशी गार पायरी दिसली तर त्याच वर्षांवरून शेजारी दुसरी रेघ मारा. ती पायरी तिथे नसेल, तर दोष रेघेचा आहे.

फक्त ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर (जड आणि हलक्या ऑक्सिजन अणूंच्या प्रमाणावर) विसंबू नका. जोरदार पावसानं समुद्राचं वरचं पाणी गोडसर झालं तरी आकडा खाली येतो आणि ते तापल्यासारखं दिसतं. त्याच पुडीत स्ट्रॉन्शियमही मोजा.

जुन्या, मेलेल्या प्रवाळात छिद्रांत नंतर ॲरागोनाइट (प्रवाळाचा सांगाडा ज्याचा असतो तेच खनिज) साचलं तर स्ट्रॉन्शियमवरून काढलेलं तापमान खोटं गार येतं. सांगाड्याचं कॅल्साइट (त्याच चुन्याचं दुसरं रूप) झालं तर खोटं गरम. पूड काढण्याआधी एक पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या.