थोरुंग लाच्या पहाटे बाटली गोठू नये म्हणून

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकवर थोरुंग ला ही खिंड (५,४१६ मीटर) ओलांडायला अंधारातच निघावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच बाटलीचं झाकण बर्फाने घट्ट बसतं.

१. रात्री जेवल्यावर लॉजच्या स्वयंपाकघरातून उकळलेलं पाणी स्टीलच्या साध्या बाटलीत भरून घ्या. थर्मास नको. झाकण आवळून बाटली उलटी धरून बघा. माझी स्लीपिंग बॅग एकदा चिंब झाली आहे.

२. बाटलीवर लोकरीचा मोजा चढवून ती स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. पाय छान शेकतात, सकाळी प्यायला तेच पाणी.

३. निघताना मोज्यासकट सॅकमध्ये उलटी खोचा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बुडाकडे. झाकण मोकळं राहतं.

फक्त ही बाटली पोर्टरकडच्या सामानात जाऊ देऊ नका. ते झपाझप पुढे जातात, भेट थेट खिंडीपलीकडे मुक्तिनाथला.