एमजीबी घ्यायचीय, पण नेमकी कोणती?

जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आणि ती नुसती पुसत न बसता चालवायची असा विचार असेल, तर एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबीचं नाव फार लवकर समोर येतं. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे ब्रिटनमध्ये आजही त्या सहज विकायला असतात आणि बहुतेक सुटे भाग नवे मिळतात. गोंधळ होतो तो या भरपूर पर्यायांमुळेच. नेहमीच्या एमजीबीत इंजिन शेवटपर्यंत १७९८ सीसीचंच राहिलं, म्हणून वरवर सगळ्या गाड्या सारख्याच वाटतात आणि फरक दिसतो तो बंपरचा. मग घेणारा बंपर बघूनच ठरवतो: चकचकीत क्रोम हवा, काळा रबरी नको. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बंपर सगळ्यात शेवटी बघायचा.

पायरी १: छप्पर हवं की नको

रोडस्टर म्हणजे कापडी टपाची, उघडी गाडी. जीटी म्हणजे पोलादी छपराची, मागे वर उघडणारा दरवाजा असलेली. जीटी ऑक्टोबर १९६५ मध्ये आली आणि तिच्या छपराच्या रेषेत इटलीच्या पिनिनफारिनाचा हात होता. मागे एक सीटही आहे, पण तिथे लहान मूल किंवा बॅग यापलीकडे काही मावत नाही.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रोडस्टर असते, म्हणून तिला भावही जास्त मिळतो. तशाच अवस्थेतली जीटी बरीच स्वस्तात पडते. लांब पल्ला, पाऊस, थंडी आणि रात्री रस्त्यावर उभी ठेवायची पाळी, यातलं काहीही तुमच्या वाट्याला येणार असेल तर जीटी घ्या. आतला आवाज कमी असतो, सामान मावतं आणि छप्पर सांगाड्याला आधार देतं. गाडी उन्हाळ्यातल्या रविवारी तासभरच बाहेर काढणार असाल, तर मात्र रोडस्टरला पर्याय नाही.

पायरी २: काळ निवडा

सुरुवातीच्या गाड्यांच्या क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंग होती. १९६४च्या अखेरीस ती पाच झाली आणि इंजिन दणकट झालं. तीन बेअरिंगचं इंजिन वाईट नाही, उलट ते जरा मोकळं फिरतं असं त्याचे चाहते सांगतात. पण या सुरुवातीच्या गाड्या, विशेषतः ओढायच्या हँडलच्या दरवाजांच्या, आता संग्राहकांच्या झाल्या आहेत. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने तिकडे जायचं कारण नाही.

खरी सीमारेषा आहे १९६७ची अखेर. मार्क २, म्हणजे एमजीबीची दुसरी आवृत्ती, आली आणि चारही गिअरना सिंक्रो (गिअर आवाज न करता पडावा म्हणून वेग जुळवणारी यंत्रणा) मिळाला. त्याआधीच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबवून तो टाकायचा, नाहीतर डबल क्लच (क्लच दोनदा दाबून मध्ये रेस देणं) करायचा, नाहीतर खर्रकन आवाज ऐकायचा. शहरातल्या रांगेत याचा कंटाळा येतो. मार्क २ मध्ये डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं (बॅटरीचं धन टोक बॉडीला) निगेटिव्ह अर्थ (ऋण टोक बॉडीला) झालं, म्हणजे आजचा रेडिओ किंवा चार्जर फार डोकं न लावता जोडता येतो. क्रोमच हवा असेल तर १९६८ ते १९७४ हा पट्टा धरा. मधल्या काही वर्षांत समोरची जाळी काळी आणि आत दबलेली आहे. ती अनेकांना आवडत नाही, त्यामुळे घासाघीस करायला वाव मिळतो.

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांसाठी काळे बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. त्यातच रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार काढून टाकला, त्यामुळे वळणावर ती चांगलीच झुकू लागली. रबरी बंपरच्या गाड्यांची बदनामी झाली ती मुख्यतः या दोन वर्षांमुळे. १९७६च्या मध्यात, म्हणजे १९७७च्या मॉडेलपासून, कारखान्याने पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार दिले, रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा दिला आणि गाडी पुन्हा माणसात आली. ही शेवटची चार वर्षं आजही काळ्या बंपरच्या नावाखाली स्वस्तात विकली जातात. चालवायला गाडी हवी असलेल्या माणसासाठी याहून शहाणपणाची खरेदी एमजीबीत नाही. उंची खटकत असेल तर गाडी खाली आणणारं किट मिळतं.

काळा बंपर काढून क्रोम लावलेल्याही बऱ्याच गाड्या आहेत. काम नीट केलं असेल तर हरकत नाही, पण तिचे पैसे मूळ क्रोमच्या गाडीचे देऊ नका. फरक ओळखायचा तर सीटमागचं झाकण उचलून बघा. १९७४ पर्यंत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दोन वेगळ्या खणांत असत, नंतर बारा व्होल्टची एकच आली. बॅटऱ्या नव्हे, खण मोजा. कारण जुन्या गाडीतही आता अनेकांनी एकच बॅटरी बसवलेली असते.

पायरी ३: ओव्हरड्राइव्ह आहे का ते विचारा

जाहिरातीत हा शब्द नसेल तर फोनवरचा पहिला प्रश्न हाच असू द्या. गिअर चारच आहेत आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारं जादा उपकरण. ओव्हरड्राइव्ह नसलेली एमजीबी ताशी ७० मैलांवर साधारण ३,९०० आरपीएमला ओरडत असते. ओव्हरड्राइव्ह लावला की तोच वेग सुमारे ३,१०० वर मिळतो. मोटरवेवर तासभर बसल्यावर हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या बिलाला कळतो. सुरुवातीला तो जादा पैसे भरून मिळायचा, म्हणून सगळ्या गाड्यांत नाही.

असला तरी चालतो का ते स्वतः बघा. चौथ्या गिअरमध्ये, स्थिर वेगात बटण दाबा. एखाद्या सेकंदात काटा सातशे-आठशेने खाली यायला हवा आणि बटण बंद केलं की परत चढायला हवा. काहीच झालं नाही तर विक्रेता म्हणेल, “वायर सुटली असेल.” खरंच तेवढंच असू शकतं, कारण यातले पुष्कळ बिघाड विजेचेच निघतात. पण दोष आत असला तर गिअरबॉक्स काढावा लागतो आणि एमजीबीत तो काढायचा म्हणजे इंजिनही बाहेर. साधी क्लचप्लेट बदलायलासुद्धा इंजिन उतरवावं लागतं. चालत नसलेला ओव्हरड्राइव्ह हा नसलेलाच समजून किंमत बोला.

पायरी ४: मोठ्या इंजिनाचा मोह तपासा

एमजीसी, म्हणजे मोठ्या इंजिनाची एमजीबी, १९६७ ते १९६९ एवढीच बनली, जेमतेम नऊ हजार. २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं वजनदार इंजिन पुढे, त्यामुळे नाक जड. तेव्हाच्या पत्रकारांनी तिला झोडपलं. आज चांगल्या टायरवर ती लांब प्रवासाला झकास चालते, पण चपळाई शोधत असाल तर ही ती गाडी नाही.

१९७३ ते १९७६ ची जीटी व्ही८ हे वेगळं प्रकरण आहे. रोव्हरचं ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन जवळपास मूळच्या चार सिलिंडरच्या इंजिनाइतक्याच वजनाचं, म्हणून तोल बिघडला नाही. कारखान्याने त्या फक्त २,५९१ बनवल्या आणि सगळ्या जीटी. ‘मूळची व्ही८ रोडस्टर’ म्हणून त्या काळातली गाडी कुणी दाखवली, तर ती नंतर कुणीतरी बनवलेली आहे. खऱ्या व्ही८चा चेसिस नंबर ‘जीडी२डी१’ने सुरू होतो.

पायरी ५: गुडघे टेकून सिल बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दरवाजाखालचे सिल हाच तिचा कणा, रोडस्टरचा तर पूर्णपणे. सिल म्हणजे बाहेर दिसतो तो एक पत्रा नव्हे. त्यामागे उभा पत्रा असतो आणि खाली, आतल्या बाजूला, खाचाखाचांची पट्टी, जिला ब्रिटनमधले लोक कॅसल रेल म्हणतात. हे तिन्ही गंजतात आणि बाहेरचा तेवढा बदलून वर चकाचक रंग मारणं सोपं असतं.

आधी दरवाजाच्या मागच्या कडेची फट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मग विक्रेत्याच्या परवानगीने सिलखालच्या जॅकच्या जागेवरून गाडी उचला आणि दरवाजा उघडून लावा. फट बदलली, दरवाजा घासू लागला किंवा लागेचना, तर सांगाडा वाकतोय. उचलताना पत्रा कुरकुरला तर पुढचं बघायचीही गरज नाही.

जॅक काढल्यावर पुढच्या फेंडरचा खालचा कोपरा बघा. तिथे फेंडर आणि सिल यांचा सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. सपाट, गुळगुळीत पत्रा सलग गेलेला दिसला तर जुन्या गंजलेल्या सिलवर नवं आवरण वेल्ड केलं असण्याचा संशय घ्या. याच फेंडरच्या आत, चाकामागे चिखल साचून पत्रा आतून कुजतो. दरवाजा आणि मागचं चाक यांच्यामधल्या खालच्या भागावरून कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. गालिचा उचलून फरशीही बघा. ओला गालिचा हे फारसं चांगलं लक्षण नाही.

सिल नीट बदलायचे तर दोन्ही बाजूंचं मिळून इतकं वेल्डिंग निघतं की खर्च स्वस्त गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. इंजिन मात्र साधं आणि भाग स्वस्त. त्यामुळे धूर सोडणारं इंजिन आणि निरोगी सांगाडा ही गाडी, गोड इंजिन आणि कुजलेल्या सिलच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. विक्रेत्याने ‘हेरिटेज शेल’ म्हटलं तर कान टवकारा: ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर नवे सांगाडे बनवते आणि अशा गाडीचं काम चांगलं झालं असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. शेलच्या खरेदीची पावती मात्र मागा.

अमेरिकेहून परत आलेल्या गाड्याही बाजारात दिसतात. कोरड्या राज्यांत राहिलेल्यांचा पत्रा छान असतो. पण १९७५ पासूनच्या अमेरिकी गाडीला दोन एसयूऐवजी एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आहे आणि प्रदूषण नियमांपायी तिची ताकद बरीच घटवलेली आहे. चेसिस नंबराच्या सुरुवातीच्या अक्षरांत ‘यू’ दिसलं की ती अमेरिकेसाठीची, डाव्या स्टिअरिंगची गाडी, मग स्टिअरिंग आता कुठल्याही बाजूला असो.

पायरी ६: चालवून बघा

इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० पीएसआयच्या आसपास किंवा वर हवा. स्टिअरिंग जड वाटलं तर किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याला) वेळेवर ग्रीस मिळालेलं नाही. ते दर ३,००० मैलांना लागतं आणि हमखास राहून जातं. तारांची चाकं असतील तर पुढे-मागे करताना ‘टक’ आवाज येतो का ऐका. आला तर आतले दाते झिजले असण्याची शक्यता मोठी. तारांची चाकं काढून साधी बसवायची म्हटलं तर हब आणि मागचा ॲक्सलही बदलावा लागतो, तेव्हा चाकांची आवड आधीच ठरवा. सिलिंडर हेडमध्ये अनलेडेड पेट्रोलसाठीच्या कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हेही बिलासकट विचारा. नसतील तर टाकीत ॲडिटिव्ह घालत राहावं लागेल.

पायरी ७: कागद

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये रस्ताकर नाही आणि फार फेरफार केलेला नसेल तर एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. आज प्रत्येक जुनी एमजीबी या सवलतीत बसते. म्हणूनच कित्येक गाड्या वर्षानुवर्षं कुणी खालून पाहिलेल्याच नसतात. नंबर टाकून जुन्या एमओटी नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात ‘गंज’ कधी, कुठे लिहिलाय ते वाचा आणि ती जागा पुन्हा तपासा. शेवटी, गाडी पसंत पडली की विक्रेत्याला सांगा: व्यवहाराआधी एमओटी करून घेऊ, पैसे मी देतो. गाडीत दम असेल तर तो चावी काढून तयार होईल. टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघा.