सायक्लॉइडची शीट: फर्स्ट इयरवाल्यांसाठी

मुंबईत इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरचं पोरगं लोकलमध्ये लगेच ओळखू येतं. त्याचा ड्रॉइंग शीटचा कंटेनर कुणाच्या ना कुणाच्या पाठीत खुपसलेला असतो. त्यातल्या निम्म्या शीट जीटी मारलेल्या, म्हणजे काचेखाली दिवा लावून सीनियरच्या शीटवरून छापलेल्या असतात. मारा बापडे. पण सायक्लॉइड, म्हणजे सरळ रेषेवर गडगडणाऱ्या चाकाच्या परिघावरच्या बिंदूचा मार्ग, तेवढा स्वतः काढा, कारण पेपरात काच मिळत नाही.

प्रश्न ठरलेला असतो. ५० मिमी व्यासाचं चाक सरळ रेषेवर न घसरता एक फेरा पूर्ण करतं. परिघावरच्या बिंदूचा मार्ग काढा, टँजंट (स्पर्शिका) आणि नॉर्मल (तिला काटकोनातली रेषा) दाखवा. पायारेषा परिघाएवढी, १५७ मिमी. वर्तुळाचे १२ भाग, रेषेचेही १२. पट्टीने १३-१३ मिमी टाकत गेलात तर शेवटी मिलिमीटरभर उरतो, म्हणून तिरकी रेषा घेऊन समांतर रेषांनी भाग पाडा. मग सेंटर लाइनवर (चाकाच्या केंद्रातून जाणारी, पायारेषेला समांतर रेषा) बारा केंद्रं, वर्तुळाच्या बिंदूंतून आडव्या रेषा, आणि प्रत्येक केंद्रातून आपापल्या रेषेवर २५ मिमीचा आर्क. एवढंच.

मेख आहे ती टोकांना. पहिला बिंदू ३.३५ मिमी वर चढतो, पण पुढे सरकतो जेमतेम ०.६ मिमी. वक्र पायारेषेवरून जवळजवळ सरळ उभा निघतो. घाईत फ्रेंच कर्व्ह (वक्र काढायची वळणदार पट्टी) लावला की तिथे टेकडीसारखा तिरका उतार येतो, आणि तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

असं का होतं? न घसरणाऱ्या चाकाचा टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो, माथ्यावरचा गाडीच्या दुप्पट वेगाने धावतो. लोकल ताशी ८० किमीने जात असेल, तर माथा १६०ने. गंमत त्याच्याही पुढे आहे. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, रुळाच्या माथ्याखाली सुमारे तीन सेंटीमीटर उतरलेली असते. तिचं सगळ्यात खालचं टोक चक्क उलटं जातं, ताशी पाचेक किमीने. गाडी चर्चगेटकडे, ते टोक विरारकडे!

हे डोक्यात बसलं की नॉर्मल पाठ करावा लागत नाही. चाक त्या क्षणी टेकलेल्या बिंदूभोवती फिरतं, म्हणून नॉर्मल त्याच बिंदूतून जाणार. दिलेल्या बिंदूवरून २५ मिमीचा आर्क सेंटर लाइनवर मारा, केंद्र मिळेल. (दोन ठिकाणी छेदतो, त्या वेळी चाक जिथे होतं तेच केंद्र घ्या.) केंद्रातून पायारेषेवर लंब टाका, त्याचं टोक दिलेल्या बिंदूला जोडा. झाला नॉर्मल. त्याला काटकोनात टँजंट. तो चाकाच्या माथ्यातून गेला नाही, तर कुठेतरी चुकलंय.

शीट तपासायला शिवणाचा दोरा वक्रावर ठेवून मोजा. २०० मिमीच्या आसपास यायला हवा. कमानीची लांबी व्यासाच्या नेमकी चौपट असते, हे इंग्रज वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने १६५८ मध्ये दाखवलं. कमानीखालचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या तिप्पट. गॅलिलिओने त्यासाठी धातूचे पत्रे कापून तोलले होते, म्हणजे दोऱ्याची लाज वाटायचं कारण नाही.

एपिसायक्लॉइडलाही (लहान चाक मोठ्या वर्तुळावर बाहेरून फिरतं तेव्हाचा मार्ग) कृती हीच, फक्त पायारेषेच्या जागी मोठ्या वर्तुळाचा कंस येतो. त्याचा कोन ३६० × लहान त्रिज्या ÷ मोठी त्रिज्या. तो आधी काढून घ्या, नाहीतर आकृती शीटबाहेर जाते.