पाहुण्यांना अजिंठा दाखवायचा तर

अजिंठा जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरचा, पण जवळ आम्हा जळगावकरांना. साठेक किलोमीटर. त्यामुळे घरी पाहुणे उतरले की लेणी दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडतंच. सोमवारी लेणी बंद, तो वार टाळा. आणि मे महिन्यात कोणी कितीही गळ घातली तरी नाही म्हणा. तो काळा दगड तव्यासारखा तापतो.

नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवायची, पुढचे चारेक किलोमीटर बसने. पायात साधी चप्पल बरी, कारण चित्रांच्या लेण्यांत जाताना ती बाहेर काढावी लागते. केळी नेलीच असतील तर पिशवीच्या तळाशी ठेवा. वानरांना आपल्याआधी कळतं.

वर पोचल्यावर सगळी गर्दी १ नंबरच्या लेण्यात घुसते. तुम्ही सरळ १२ वर चला. इथे बघण्यासारखी चित्रं नाहीत म्हणून कोणी थांबत नाही, पण मी पाहुण्यांना आधी इथेच आणते. मध्ये चौक, तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, आणि खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. आमच्या सासूबाई एका ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "माय व! अंगाखाली एवढंच?" एवढंच. हे विहार होते, माणसं राहायची इथे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढची चित्रं वेगळी दिसतात.

शेजारचं १० नंबर इसवी सनाच्या आधीचं. २८ एप्रिल १८१९ ला मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि इथल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. ते आपल्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेणं गाळाने भरलेलं होतं. मुलांना शोधायला सांगा, तेवढाच वेळ शांतता.

खरा वेळ द्यायचा तो १६ आणि १७ ला. १६ नंबर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. १७ हरिषेणाच्या मांडलिकाचं, ऋषीक देशाच्या राजाचं. आणि ऋषीक म्हणजे आपला खानदेश, असं अभ्यासक मानतात. हे सांगितलं की धुळ्याचे पाहुणेसुद्धा खूश होतात. आत गेल्या गेल्या काही दिसत नाही. मोबाइल खिशात टाका, फ्लॅश तर चालतच नाही, आणि भिंतीपासून हातभर लांब उभं राहून डोळ्यांना अंधार सरावू द्या. मग जिथे चित्राचा पोपडा गेलाय तिथे बघा: खाली तुसाचा, मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती ज्यांनी लिंपल्यात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बोट मात्र लावू नका.

२६ मध्ये शिरताच डाव्या भिंतीशी बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, म्हणजे शेवटच्या क्षणी आडवा पहुडलेला बुद्ध, दगडात कोरलेला, सातेक मीटर लांब. खाली रडणारे शिष्य, वर स्वागताला आलेले देव. एका फोटोत मावत नाही.

१ आणि २ परतताना, गर्दी ओसरल्यावर. १ मध्ये गाभाऱ्याच्या डावीकडे पद्मपाणी, हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र. ते सगळे बघतात. पण तिथल्या खांबांवरची शिल्पं बघत जा, एका ठिकाणी चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय. कुठल्याही हरणाकडून बघा, ते त्याचंच वाटतं.

पाहुण्यांची गाडी भुसावळहून असेल तर वाटेत त्यांना रॉबर्ट गिलचं सांगा. १८४४ पासून या चित्रांच्या प्रती काढत तो इथे राहिला. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. त्याची कबर भुसावळातच आहे.

गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर खाली डोलीवाले मिळतात. भाव आधी ठरवा, आणि १७ पर्यंत नेलं तरी पुष्कळ झालं.