फराळासाठी डीप फ्रायर घेण्यापूर्वीची तयारी

दिवाळीच्या तोंडावर सांगलीच्या बाजारात विजेवरचा डीप फ्रायर पाहायला निघण्यापूर्वी आपल्या ओट्यामागचा प्लग नीट पाहावा. दोन हजार वॅटचा फ्रायर 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. त्यामुळे मिक्सरच्या 6 अँपिअरच्या प्लगवर तो लावता येत नाही, त्याला अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉवर प्लगच हवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको. महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भारही वाचून ठेवावा. संध्याकाळी ज्यांच्याकडे विजेचा दाब उतरतो, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण 200 व्होल्टवर हाच फ्रायर जेमतेम 1500 वॅटचे काम करतो आणि घाणा सोडल्यावर थंडावलेले तेल लवकर सावरत नाही. मग चकली तेल पिते, प्रसंगी विरघळते.

आता आपल्या घरी काय तळले जाते ते ठरवावे, कारण माझ्या मते खरी निवड इथेच होते. करंज्या मंद आचेवर, साधारण 150 अंशांवर तळाव्या लागतात, तर बटाटेवड्याला 180 अंश लागतात. म्हणून तापमानाचे बटण या दोन्ही टोकांपर्यंत फिरते का, हे दुकानातच फिरवून पाहावे. चकली सोडण्याआधी जाळी तेलात बुडवून ठेवावी, नाहीतर ओले पीठ तारांत रुतते आणि चकली उचलताना तुटते. अनारसा मात्र खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने तेल उडवत तळायचा असल्याने खोल, अरुंद जाळीत तो साधत नाही. त्यासाठी पसरट कढईच राहू द्यावी.

घाण्याचे शेंगतेल वापरणाऱ्यांनी आणखी सावध असावे. ते 160 अंशांच्या आसपासच धुरावू लागते, रिफाइंड शेंगतेल मात्र सुमारे 230 अंशांपर्यंत तग धरते.

किमान तेलाची खूण किती लिटरवर आहे, हेही विचारावे. दोन लिटर तेल दरवेळी ओतावेच लागत असेल, तर दोघांच्या घरात ते पुन्हापुन्हा तापवले जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 1 जुलै 2018 पासूनच्या नियमानुसार ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून खराब होताना त्यात तयार होणारी द्रव्ये, 25 टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. घरी ते मोजता येत नाही, पण काळवंडलेले, फेसाळणारे तेल टाकून द्यावे. तेलाचे भांडे सुटे निघणारे असावे, आणि घरात लहान मुले असतील तर धक्का लागताच सुटणारी चुंबकाची वायर असलेलाच फ्रायर मागावा.